हावेलनंतरचा चुना

दर ईस्टरला मी दोनदा पापं कबूल करायला जायचो. एकदा माझी आणि एकदा मिस्त्रींची. माझी आमच्याच गावच्या चर्चमध्ये पाच मिनिटांत उरकायची, कारण माझी पापं गावात सगळ्यांना तोंडपाठ होती. मिस्त्रींची मात्र दूरच्या एखाद्या गावी, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जाऊन, पाद्री बसतो त्या जाळीपुढे गुडघे टेकून, "मी टोबियाश कुबात, बांधकामाचा मिस्त्री" असं म्हणून सुरू करावी लागत. शेवटी पाद्री चिठ्ठी द्यायचा. अमुक माणसाने अमुक साली पापं कबूल केली, खाली सही आणि शिक्का. ईस्टरनंतर ती चिठ्ठी कचेरीत दाखवली नाही की माणूस छुपा पाखंडी ठरायचा, आणि पाखंड्याचं पुढे काय होतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घर जायचं, मुलं मठात जायची, आणि तो स्वतः पायात बेड्या घालून किल्ल्याच्या तटावर दगड वाहायचा.

टोबियाश कुबात पाखंडी, म्हणजे पोपला न मानणारे, होतेच. डोंगराकडचं घराणं, आजोबांपासून तसंच. त्यांच्या घरी पिठाच्या पेटीला खोटा तळ होता आणि त्याखाली बंदी असलेलं चेक भाषेतलं बायबल. एवढा मोठा माणूस, सतरा चर्चं बांधली, दोन मठ बांधले, आणि त्यातल्या एकाही चर्चमध्ये मनापासून गुडघा टेकला नाही. टेकला तो ओळंबा बघायला. प्रागची बडी मंडळी त्यांना वास्तुकार म्हणत, त्यांच्या नकाशांवर वाकून माना डोलवत. आम्ही गवंडी मिस्त्रीच म्हणायचो, आणि त्यांनाही तेच आवडायचं.

"तुम्हीच का जात नाही एकदा?" मी त्यांना पहिल्या वर्षी विचारलं होतं. "आत जायचं, काहीतरी पुटपुटायचं, बाहेर यायचं."

"देवासमोर खोटं बोलणं मला जमणार नाही, प्रोकोप."

"आणि मी बोललेलं चालतं होय?"

"तू कॅथलिक आहेस. तुला माफी मिळते," ते म्हणाले आणि खो खो हसले. मीही हसलो. नाही कशाला म्हणणार? मी चुन्याच्या खड्ड्यात पाय भाजून घेणारा हमाल होतो. त्यांनी माझ्या हातात ओळंबा दिला, नकाशा वाचायला शिकवलं आणि तिसाव्या वर्षी मला मुकादम केलं. त्यांची एका वेळी सात-आठ ठिकाणी कामं चालत. ते महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचे, भिंतीवर खडूने चार रेघा मारायचे, एखादी वीट उपटून फेकायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. मधले दिवस मुकादमाचे. असा विश्वास माझ्यावर माझ्या बापानेही टाकला नव्हता. त्यापुढे वर्षातून एक खोटी कबुली म्हणजे काहीच नाही, असं मला वाटे.

अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. घोळ केला तो मीच, आणि तोही आळसापायी.

त्याचं असं झालं. मिस्त्रींची पापं कुठून आणायची, हा मला दरवर्षी प्रश्न पडायचा. माणूस दारू पीत नाही, शिव्या देत नाही, बायकोवर, म्हणजे सालोमेनाबाईंवर, आवाज चढवत नाही. एवढ्या नावाजलेल्या मिस्त्रीने जाळीपुढे येऊन "एकदा गवंड्यावर रागावलो" एवढंच सांगितलं तर पाद्री चिठ्ठी देईल, पण मनात काहीतरी धरील. म्हणून मी जरा मसाला घालायचो. दोउब्रावा गावच्या चर्चमध्ये मी त्यांच्या गळ्यात एक गिरणीवाली बांधली. नवरा म्हातारा, ही तरणीताठी, असं रंगवून सांगितलं. पाद्री जाळीपलीकडे चांगलाच खोकला. पुढच्या वर्षी ईस्टरला चिखल मी म्हणत होता. नवं गाव शोधायला दिवसभर तंगडतोड कोण करणार? दोउब्रावा वाटेवरच होतं. एका वर्षात कोण लक्षात ठेवतंय, म्हणून मी पुन्हा तिथेच गेलो.

"टोबियाश," पाद्री जाळीतून म्हणाला, "त्या गिरणीवालीचं काय झालं, बाळा?"

तोंडातून निघून गेलं, "तिला जुळं झालं, फादर."

चिठ्ठी मिळाली. बाहेर येऊन मी कुंपणाला टेकून हसलो. घरी येऊन रोझिनाला, माझ्या बायकोला सांगितलं, तर ती हसली नाही. "तुम्हाला अक्कल नाही," एवढंच म्हणाली.

त्या पाद्र्याचं नाव फादर अमांद. तो मुळात ओल्शिनाच्या मठातला साधू, मठाच्या मालकीचं ते चर्च सांभाळायला पाठवलेला. आम्ही ओल्शिनाचंच नवं चर्च बांधत होतो, आणि तरीही हा धागा माझ्या डोक्यात जुळला नाही. तीन वर्षांनी, सतराशे सत्तावीस सालच्या सप्टेंबरात, मठाधिपतींनी त्याला परत बोलावलं आणि आमच्या बांधकामाचा कारभार त्याच्या हाती दिला. पहिल्याच दिवशी तो दगड-चिखल ओलांडत झगा वर धरून आला. मी खाली नकाशा पसरून बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, दोन पावलं पुढे गेला, परत वळला आणि तोंडभर हसला.

"अरे! टोबियाश!"

"काय?" वर परांचीवरून मिस्त्रींनी ओ दिली.

फादरने वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वर. तो सावकाश जवळ आला आणि माझ्या कानाशी वाकला.

"जुळी कशी आहेत?" त्याने विचारलं.

त्यानंतर महिनाभर त्याने तो विषय काढला नाही. रोज यायचा, आशीर्वाद द्यायचा, जायचा. मिस्त्रींना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. गिरणीवालीचं ऐकून ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते बराच वेळ खडू हातात फिरवत राहिले. "निदान तिचं नाव तरी चांगलं ठेवलंस का?" असं त्यांनी विचारलं, आणि मग दोघांनाही हसू आलं नाही.

सोळा ऑक्टोबरला संत हावेलचा सण. आमच्या धंद्यात त्या दिवशी थापी धुऊन ठेवायची ती थेट एप्रिलात संत यिर्झीला उचलायची. कारण साधं आहे. चुना हळूहळू धरतो, त्याला महिने लागतात, आणि धरण्याआधी त्यातलं पाणी गोठलं की तो मेला. गोठलेला चुना बाहेरून दगडासारखा वाजतो, माणूस फसतो. थंडी ओसरली की तोच चुना भिजल्या पिठासारखा गळतो. हे चुन्याच्या खड्ड्यातल्या हमालालाही माहीत असतं. म्हणून हावेलला भिंतींच्या माथ्यावर पेंढा घालायचा, वर फळ्या टाकायच्या, आणि हंस कापून, मिठाई खाऊन गवंड्यांनी आपापल्या गावी जायचं.

त्या हावेलला आमच्या चर्चच्या छताचे दोन कमानी खण पुरे झाले होते. मधला तिसरा, सगळ्यात रुंद, तेवढा उघडा होता. त्याचा लाकडी साचा उभा होता, वर विटा चढायच्या बाकी होत्या. आम्ही पेंढा घालत होतो तेव्हा फादर अमांदने मिस्त्रींना आणि मला त्याच्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन चिठ्ठ्या होत्या, दोउब्रावाच्या, त्याच्याच सहीच्या. कचेरीतून मागवून घेतलेल्या.

"रोमहून एका हुतात्म्याच्या अस्थी येताहेत," तो म्हणाला. "मे महिन्यात, पेंटेकॉस्टच्या सणाला. बिशप स्वतः येणार. मठाधिपतींनी आमंत्रणं धाडली आहेत. त्या अस्थी मोकळ्या आभाळाखाली ठेवायच्या का, मिस्त्री?"

"जुन्या चर्चमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी आणू इकडे."

"मधला खण या वर्षीच झाकायचा."

"हावेल झाला, फादर. आता लावलेला चुना मरतो."

"मरू देत नाहीत असे मिस्त्रीही असतात म्हणे. शेगड्या ठेवा, पाणी तापवा." त्याने एका चिठ्ठीवर बोट ठेवलं. "मी जाळीपलीकडे काय ऐकलं ते मी कुणाला सांगू शकत नाही. पण तिथे कुणाचं तोंड पाहिलं, ते सांगायला मला कुणाची बंदी आहे? तुम्ही बेड्यांत जाल. हा मुकादमही जाईल. याने तर देवाशीच दगाबाजी केली."

मिस्त्रींनी चिठ्ठ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते माझ्याकडे पाहत होते. मी मान खाली घातली.

"करतो," ते म्हणाले.

मला त्यांचा अजून राग येतो. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं त्यांनी. पण हे बोलायचा अधिकार मला नाही, हेही मला कळतं.

गवंडी परत बोलावले तेव्हा आरडाओरड झाली. ब्लाझेय नावाचा एक जुना गवंडी होता आमच्यात, डाव्या हाताला तीनच बोटं, पण कमानीची वीट त्याच्यासारखी बसवणारा सगळ्या परगण्यात दुसरा नव्हता. तोंड मात्र एकदम सैल. शेगडीवर हात शेकत तो फादरला म्हणाला, "फादर, एवढ्याने भागत नाही. तुमच्या ओळखीने नरकातून थोडा विस्तव मागवा."

"तुझी जागा तिथे धरून ठेवली आहे, ब्लाझेय," फादर म्हणाला.

"मग गरमच असेल. इथल्यापेक्षा बरी."

सगळे हसले. मिस्त्री वर साच्यावर चढून एकेक वीट स्वतः कोमट पाण्यात बुडवून देत होते. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि सात गावची कामं टाकून आठवडेच्या आठवडे ओल्शिनाला बसला. हाताच्या भेगांतून रक्त यायचं ते चुन्यात मिसळायचं. अकरा नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, बर्फ पडलं. पंचवीस नोव्हेंबरला शेवटची वीट बसली, आणि त्याच आठवड्यात असा गारठा पडला की बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं. फादर अमांद काठी घेऊन परांचीवर चढला आणि विटांवर ठोकून बघू लागला.

"ऐका!" तो खुशीत म्हणाला. "लोखंड आहे लोखंड."

मिस्त्रींनी टोपी घातली आणि घोड्यावर बसून निघून गेले.

बर्फ मार्चअखेर वितळू लागलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिस्त्री आले, वर चढले आणि दोन विटांमधल्या फटीत अंगठ्याचं नख घातलं. मी शेजारीच होतो. नखाबरोबर चुना निघून आला, विरजण न लागलेल्या दह्यासारखा. त्यांनी तो बोटांत चुरून पाहिला आणि विजारीला पुसला. खाली उतरून त्यांनी फादरला स्पष्ट सांगितलं की साचा जूनअखेरपर्यंत हलवायचा नाही, आणि खरं तर खण उतरवून नव्यानेच बांधायला हवा. फादर म्हणाला, चित्रकार पुढच्या सोमवारनंतर येतोय, त्याला गिलावा लागेल, साचा काढा. मिस्त्री नाही म्हणाले. मग फादरने पुन्हा तेच सुनावलं. चिठ्ठ्या अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत, म्हणाला.

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी मला चुन्याच्या खड्ड्याजवळ गाठलं. दाढी केलेली, गळ्याला स्वच्छ पांढरी कॉलर. पालथ्या घातलेल्या घमेल्यावर ते बसले आणि मलाही बसायला सांगितलं.

"मठाधिपती खालच्या शेतावर गेलेत. दुपारी परततील," ते म्हणाले. "मी दारात थांबतो आणि त्यांना सगळं सांगतो. छताचंही आणि चिठ्ठ्यांचंही. अमांदच्या हातात मग काही उरत नाही."

"सगळं म्हणजे माझंही?"

"मी तुझं नाव घेणार नाही. पण तो घेईल." त्यांनी आवाज खाली केला. "सालोमेना पहाटेच निघाली, झिटाउकडे. सीमेपलीकडे आपली माणसं आहेत. दुसरी गाडी त्या जुन्या लिंडनच्या झाडाच्या चौकात दुपारपर्यंत थांबेल. रोझिनाला घे आणि जा. तुमच्यासाठी जागा ठेवायला सांगितली आहे."

"झिटाउला? सॅक्सनीत?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "तुमची माणसं असतील, मिस्त्री! मी कॅथलिक आहे. मी तिथे कोण म्हणून राहू? आणि रोझिनाचे दिवस भरलेत. तिला गाडीत घालून दगडधोंड्यांतून नेऊ?"

"तुला दुसरं काही सुचतंय का?"

"गप्प बसा, हे सुचतंय. छत राहिलं तर?"

"नखात आलं, प्रोकोप. तूच पाहिलंस."

"एका फटीत आलं. सगळीकडे तसंच असेल कशावरून?"

ते उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी ऑक्टोबरात हो म्हणालो ती चूक होती. ती माझी. ती मी आज निस्तरतो. चर्चच्या दाराला कुलूप लाव, किल्ली तुझ्याकडेच ठेव. आज त्या छताखाली कुणालाही जाऊ द्यायचं नाही." एवढं बोलून ते मठाच्या दाराकडे चालू लागले. वाटेत त्यांनी कॉलर नीट केली, हे मला अजून दिसतं.

मी कुलूप लावलं. मग किल्ली हातात घेऊन तिथेच उभा राहिलो.

मी काय विचार केला ते जसंच्या तसं सांगतो, लपवायला आता काही राहिलेलं नाही. माझं घर नवं होतं. छपराची फळी न् फळी मी स्वतः ठोकली होती. रोझिनाची पहिली दोन बाळं गेली होती, हे तिसरं. आणि मिस्त्री त्या दारात उभे राहून, अंतःकरण हलकं करून घेणार होते, माझ्या संसाराच्या जोरावर. त्यांना देवासमोर खोटं बोलवत नाही, म्हणून अकरा वर्षं मी बोलायचं. आणि आता त्यांना खरं बोलायचंय, म्हणूनही मीच मरायचं. असं मला वाटलं. मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा गोड होता. साचा आत्ता काढला आणि छत उभं राहिलं, तर मिस्त्रींना मठाधिपतींना सांगायला उरतंच काय? फादर खूश, चिठ्ठ्या जाळल्या जातील, आणि मिस्त्रीही दोन दिवस रागावून तिसऱ्या दिवशी हसतील. छत राहील, मी स्वतःला म्हणालो. ब्लाझेयने बसवलेल्या विटा आहेत. शेगड्या होत्या. थोडा चुना मेला असेल, सगळा नाही.

मी कुलूप उघडलं आणि ब्लाझेयला हाक मारली. बरोबर त्याचा जावई आणि दोघे सुतार भाऊ.

"पाचरी सैल करायच्या," मी म्हणालो.

ब्लाझेयने कमरेवर हात ठेवले. "आज? मिस्त्री परवा जूनचं म्हणत होते."

"विचार बदलला त्यांचा."

"त्यांनी सांगितलं?"

"हो," मी म्हणालो.

साचा उतरवायची आमची रीत अशी. सगळ्यांनी टोप्या काढायच्या, एक प्रार्थना म्हणायची, मग खांबांखालच्या लाकडी पाचरी क्रमाने बोटभर मागे ठोकायच्या. एक फेरी झाली की दिवसभर थांबायचं, छताला बसू द्यायचं. दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी, तिसरी तिसऱ्या. पहिल्या फेरीला मुकादमाने स्वतः खाली उभं राहायचं, हेही त्या रीतीतच येतं. मी तीन फेऱ्या एका सकाळीत बसवल्या, आणि उभा राहिलो दारात. मठाधिपतींची गाडी येते का ते बघायला, असं मी मनाशी म्हटलं होतं.

पहिल्या फेरीला काही झालं नाही. साचा बोटभर खाली आला, छत जागच्या जागी. माझा जीव एवढा हलका झाला की मी मोठ्याने हसलो. अर्ध्या तासाने दुसरी फेरी. आतून ब्लाझेय ओरडला, "प्रोकोप, वरून पीठ पडतंय रे! वर दळायला बसलंय का कोण?"

त्याचा जावई म्हणाला, "मामा, थांबूया का?"

ब्लाझेयने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या केसांत, भुवयांत पांढरं पडलं होतं. तो थांबला असता, मी नुसता हात वर केला असता तरी. मी बाहेर पाहिलं. मिस्त्री मठाच्या दारात अजून उभेच होते, आणि लांब रस्त्याच्या टोकाला धूळ उठली होती. गाडी असावी.

"एकच फेरी राहिली," मी म्हणालो. "उरका."

मोठा गडगडाट वगैरे झाला नाही. गाडीभर वाळू पालथी केल्यासारखा आवाज आला, बराच वेळ आला, आणि दारातून पांढरा लोट माझ्या तोंडावर आदळला. मला दिसेनासं झालं. कुणीतरी ओरडत होतं, नंतर कळलं मीच.

मिस्त्री धावत आले तेव्हा पांढरी कॉलर सुटून लोंबत होती. ते सरळ ढिगावर गेले आणि हातांनी विटा उपसू लागले. मीही उपसू लागलो. विटा स्वच्छ निघत होत्या. एकीलाही चुना चिकटलेला नव्हता, दोन विटा एकमेकींना धरून राहिल्या आहेत असं एकदाही हाताला लागलं नाही. ब्लाझेय संध्याकाळी सापडला, त्याचा जावई त्याच्या खाली. सुतार भावांपैकी थोरला जिवंत निघाला. धाकटा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कण्हत होता, पण आम्ही पोचेपर्यंत तो गप्प झाला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. फादर अमांदला काही झालं नाही. मधला खण दोन वर्षांनी मी बांधला, उन्हाळ्यात, आणि तो उभा आहे. आता मी पाच ठिकाणची कामं बघतो. टोबियाश कुबात किल्ल्याच्या तटावर दुसऱ्या हिवाळ्यात खोकून खोकून गेले. सालोमेनाबाईंना झिटाउला हे कळायला आणखी चार महिने लागले.

चौकशी तिसऱ्या दिवशी मठाच्या जेवणघरात झाली. परगण्याचा अंमलदार आला होता, त्याचा कारकून, मठाधिपती, आणि त्यांच्या बाजूला हात झग्यात घालून फादर अमांद. भिंतीशी ब्लाझेयची बायको आणि तिची मुलगी, दोघी एकाच दिवशी विधवा झालेल्या, काळ्या शाली घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे त्या एकदाही रागाने बघत नव्हत्या, कारण त्यांच्या लेखी मीही त्या ढिगावर रात्रभर विटा उपसणारा माणूस होतो.

अंमलदाराने विचारलं, "साचा काढायचा हुकूम कुणी दिला?"

मिस्त्रींच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती. नखं गेली होती. त्यांनी एवढंच म्हटलं तरी पुरे होतं की किल्ली मुकादमाकडे होती. मठाच्या दारातल्या पहारेकऱ्याने त्यांना सकाळपासून तिथे उभं पाहिलं होतं, साक्षही तयार होती. मला पक्कं माहीत होतं की ते सांगणार. खरं बोलायलाच तर ते कॉलर लावून निघाले होते. मला वाटलं, सांगून टाका एकदाचं. आणि त्याच क्षणी वाटलं, नका सांगू. देवाशपथ, दोन्ही एकदम वाटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑक्टोबरात फादरच्या खोलीत पाहिलं होतं तसं नाही. थकलेल्या माणसाने शेजारी बसलेल्याकडे बघावं तसं.

"मी दिला," ते म्हणाले. "हिवाळ्यात खण बांधायलाही मीच तयार झालो. मला माहीत होतं चुना मेलाय. घाई मी केली."

फादर अमांदने श्वास सोडलेला मला ऐकू आला. चिठ्ठ्यांचं नाव कुणीच काढलं नाही. बेडी मिस्त्रींना पडणारच होती, पण त्यांनी ते काढलं असतं तर ती माझ्याही पायात पडली असती. भिंतीशी ब्लाझेयची बायको पुढे सरकली आणि थुंकली. त्यांच्या बुटावर. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

कारकुनाने लेखणी शाईत बुडवली आणि माझ्याकडे वळला. "मुकादम, सकाळी मयत ब्लाझेयला तूच निरोप दिलास. मिस्त्रींनी सांगितलं म्हणून दिलास?"

"हो," मी म्हणालो.

लेखणी कागदावर करकरली. मिस्त्री अंमलदाराकडे वळले आणि हळू आवाजात, एखादी बारीकसारीक गोष्ट राहून गेल्यासारखं म्हणाले, "साहेब, आता याला घरी जाऊ द्या. सकाळपासून याची बायको अडली आहे."

मला जायची परवानगी मिळाली, आणि मी गेलो.